मासळीचे वजन आणि मासळीचा कस

मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, यांसी


महोदय,

कोणत्या तलावात किती बोटुकली सोडली, ठेक्याची रक्कम कधी भरली गेली आणि जाळ्यात किती टन मासळी आली, हा हिशेब कोणत्याही सरकारी दफ्तरास आवश्यकच आहे. परंतु समुद्रापासून फार दूर असलेल्या नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत, जेथे मासळी म्हणजे प्रायः गोड्या पाण्याचीच मासळी, तेथे त्या टनांत पोषणाचा कस किती उतरला आणि तो कोणत्या पाण्याने घडविला, याचीही मोजदाद वजनाच्या बरोबरीने व्हावी, या एकाच विनंतीसाठी हे पत्र आहे.

माशाचे मांस ऋतूंबरोबर पालटत असते. रोहू, कटला वा मृगळ यांच्या १०० ग्रॅम मांसात सामान्यतः ७५ ते ८० ग्रॅम पाणी आणि १५ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. उरलेल्या अल्प भागात स्निग्धांश आणि क्षार येतात, आणि त्यातील स्निग्धांश घटू लागला की त्याची जागा पाणी घेते, त्यामुळे उपासमार झालेला मासा तराजूत फारसा हलका न भरताही अन्न म्हणून हलका झालेला असतो. पावसाळ्याच्या आरंभी अंडी परिपक्व होताना मादी आपल्या देहातील साठा त्यांच्या घडणीत खर्च करते, त्यामुळे विणीनंतरचे मांस निःसत्त्व लागते. पाणी थंड झाले की पेशींची आवरणे लवचिक राहावीत म्हणून त्यांतील असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते. आणि आहारशास्त्रज्ञ ज्यांचा गौरव करतात ती ओमेगा-३ मेदाम्ले मुळात सूक्ष्म शेवाळांची निर्मिती असून, प्राणिप्लवकांच्या द्वारे ती पृष्ठभागी चरणाऱ्या कटल्यापर्यंत येतात. गोड्या पाण्यातील माशाच्या देहातून क्षार अखंड पाझरत असतात आणि कल्ल्यांच्या द्वारे तो ते पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. कॅल्शियम तो बव्हंशी असा पाण्यातूनच मिळवितो, फॉस्फरस मात्र त्याला अन्नातून मिळवावा लागतो.

हा सारा व्यवहार आमच्याकडे ज्या पाण्यात चालतो, त्याची प्रकृती एका वर्षात अनेकदा पालटते. पहिल्या पुराबरोबर काळ्या मातीचा गाळ जलाशयात उतरतो, सूर्यप्रकाश खोलवर जाईनासा होतो आणि शेवाळांची, पर्यायाने माशांच्या अन्नाची, वाढ काही काळ खुंटते. उन्हाळ्यात साठा मृत पातळीकडे जाऊ लागला की मासळी थोडक्या, तापलेल्या पाण्यात दाटते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच; शिवाय पहाटेच्या वेळी, रात्रभराच्या श्वसनामुळे, त्यातलाही बराच भाग संपलेला असतो. अशा स्थितीत मासा चारा सोडतो आणि अंगातील चरबी जाळून जगतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा प्रकल्पाचा साठा किती आटला होता हे सर्वविदित आहे. माणसांची तहान अग्रक्रमाची, यात शंका नाही, पण आटत्या साठ्यातील मासळी हेही कोणाचे तरी अन्न आहे. गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्पाखालील दुःख निराळे आहे: नांदेड शहराचे सांडपाणी जेथे पात्रात मिसळते तेथे शेवाळ माजते, रात्री प्राणवायू नाहीसा होतो आणि अमोनिया साचतो, तेथे जगलेल्या माशाचे मांस तपासल्याविना खाण्यास योग्य मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने दूर नाहीत. उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, नांदेडला १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. विष्णुपुरी, मांजरा, लिंबोटी आणि एखादा लहान गावतलाव येथे दरमहा पहाटेचा प्राणवायू, तापमान, क्षारता आणि त्याच दिवशीच्या मासळीतील प्रथिने, स्निग्धांश व खनिजे यांची नोंद करण्याची तजवीज आपण या संस्थांकडून करवून घ्यावी, आणि तो तपशील मराठीत मच्छीमार सहकारी संस्थांच्या हाती द्यावा. लहान मासळी, जी काट्यासकट खाल्ली जाते आणि म्हणूनच मुलांना कॅल्शियम देते, तिचीही त्यात गणना व्हावी. भोई कुटुंबांच्या ताटात पुष्कळदा तीच असते, कारण मोठा रोहू विकला जातो. उन्हाळी पाणीवाटपाच्या बैठकीत जलसंपदा विभागासमोर मासळीसाठी किमान साठ्याचा आग्रह धरण्यास आपल्या प्रतिनिधीपाशी या नोंदींहून बळकट दस्तऐवज दुसरा नसेल, आणि आटलेल्या वर्षी ठेक्याच्या रकमेत सूट मागणाऱ्या संस्थेलाही तोच आधार होईल.

हे काम पावसाळा संपताच सुरू व्हावे. भरल्या जलाशयाची नोंद हाती असल्यावाचून उन्हाळ्यातील नोंदीची तुलना कशाशीच करता येणार नाही.

कळावे.

आपला नम्र,
नांदेड येथील एक नागरिक