सातबाऱ्यावरची डिजिटल सही : दिसली म्हणजे तपासली, असं नाही!

डिसेंबर 2025 मध्ये महसूल विभागाने डिजिटल सातबाऱ्याला कायदेशीर मान्यता दिली. 15 रुपयांत उतारा डाउनलोड करा, तलाठ्याचा सही-शिक्का लागणार नाही. डिजिटल सही, क्यूआर कोड आणि 16 अंकी पडताळणी क्रमांक असलेला उतारा सरकारी कामाला, बँकेत आणि कोर्टातही चालेल. आमच्या उंद्रीसारख्या (ता. चिखली) गावात पीककर्जाची फाइल करताना एखादी चक्कर नक्की वाचते.

पण पूर्वी आपण शिक्का बघून विश्वास ठेवायचो. आता विश्वास गणितावर आहे, आणि गणित नुसतं बघून कळत नाही, ते करावं लागतं.

माझं रोजचं काम लॉगिन टोकनचं, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. तुम्ही ॲपमध्ये लॉगिन केलं की सर्व्हर अनेकदा एक लांबलचक टोकन देतो, त्याला जेडब्ल्यूटी म्हणतात. टिंबांनी वेगळे केलेले तीन भाग: पहिल्यात सहीची पद्धत, दुसऱ्यात तुमची माहिती, तिसऱ्यात सही. पहिले दोन भाग कुलूपबंद नसतात. बेस64 उलगडलं की कोणीही वाचू शकतो, आणि बदलूही शकतो. म्हणजे टोकन वाचता आलं याचा अर्थ ते खरं आहे असा होत नाही. खरेपणा फक्त तिसरा भाग सांगतो.

हे स्वतः करून बघायचंय? अँड्रॉइडवर टर्मक्स घ्या, त्यात ओपनएसएसएल टाका. मग:

1. पहिला भाग, टिंब, दुसरा भाग जसाच्या तसा एका फाइलमध्ये ठेवा. शेवटी नवी ओळ आली तरी पडताळणी फसते.
2. तिसऱ्या भागातल्या उणे चिन्हाच्या जागी अधिक आणि अंडरस्कोअरच्या जागी तिरपी रेघ घाला. लांबी चारच्या पटीत येईपर्यंत शेवटी बरोबरची चिन्हं जोडा, बेस64 उलगडा आणि दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा.
3. टोकन देणाऱ्या कंपनीची सार्वजनिक किल्ली तिच्याच अधिकृत पत्त्यावरून घ्या. गूगल आपल्या किल्ल्या अशा जाहीर ठेवतं.
4. सही आरएस256 पद्धतीची असेल तर ओपनएसएसएलच्या डायजेस्ट कमांडला एसएचए-256, किल्ली आणि दोन्ही फाइल द्या.

'व्हेरिफाइड ओके' आलं तर सही खरी. आता माहितीतलं एकच अक्षर बदला आणि परत चालवा. लगेच नापास!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सहीची पद्धत कोणती, हे टोकनला विचारायचं नाही, आपण आधी ठरवायचं. 2015 मध्ये उघड झालं होतं की काही लायब्रऱ्या टोकनमध्ये 'सही नाही' असं लिहिलं तरी ते पास करत होत्या. दुसरं, चालू टोकन कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर पेस्ट करू नका. ज्याच्या हाती टोकन, त्याच्या हाती तुमचं खातं.

सातबाऱ्याचंही असंच आहे. सही पीडीएफ फाइलमध्ये असते, कागदावर नाही. प्रिंट काढली किंवा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला की उरतं फक्त सहीचं चित्र. मूळ फाइल असेल तर लिनक्स लॅपटॉपवर पॉपलरची पीडीएफसिग कमांड सही तपासते. प्रिंटच असेल तर 16 अंकी क्रमांक महाभूमीच्या पोर्टलवर टाका, पण पत्ता स्वतः टाइप करून. क्यूआर कोड तर कोणीही छापू शकतो, तो खोट्या साइटवरही नेईल.

आणि सही खरी निघाली तरी ती एवढंच सांगते की उतारा त्या दिवशी दिला गेला आणि नंतर बदललेला नाही. त्यानंतर फेरफार झाला असेल, बोजा चढला असेल, तर जुना उतारा ते सांगणार नाही. टोकनला मुदत असते, तशी उताऱ्यावरची तारीख बघायची. जमिनीचा व्यवहार असेल तर त्याच दिवशी नवा उतारा काढा. 15 रुपयांचाच तर प्रश्न आहे.

सरकारने मान्यता दिली, हे चांगलंच झालं. पण बँकेच्या काउंटरवर प्रिंट नुसती डोळ्यांनी बघून फाइलला लावली जात असेल, तर आपण शिक्का काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही. घरातल्या मोठ्यांना अर्ज भरून देणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. तेव्हा तपासायची सवयही तुम्हीच लावा.