दोन रुपयांचा सह्याद्री

नोव्हेंबर 2024 मध्ये कर्नाटकाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी एक प्रस्ताव तयार करण्याच्या सूचना दिल्या. ज्या शहरांना पश्चिम घाटात उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी मिळते, त्या शहरांच्या पाणीपट्टीवर महिन्याला दोन-तीन रुपये हरित उपकर लावावा आणि त्या निधीतून घाटाचे रक्षण करावे, असा तो प्रस्ताव. त्या दोन-तीन रुपयांवरून या सुसंस्कृत, संगणकसाक्षर शहरात जो गदारोळ उठला, तो आठवला की आजही मन विषण्ण होते. विज्ञानविषयक बातम्या आवडीने वाचणाऱ्या आपल्या या वर्तुळातली मंडळीही त्यात मागे नव्हती, म्हणून हे लिहितो आहे.

करांचा बोजा आधीच फार आहे, ही तक्रार मी समजू शकतो. पण आमच्या सोसायटीच्या समूहावर एका सद्गृहस्थांनी विचारले होते, "घाट आपल्यापासून दोनशे किलोमीटर दूर, त्याचा खर्च आपण का द्यायचा?" आणि दुसऱ्यांनी लगेच पुस्ती जोडली होती, "शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही, एक गाडगीळ म्हणतात, दुसरे कस्तुरीरंगन म्हणतात, मग आपण कोणाचे ऐकायचे?" पहिला प्रश्न भूगोलाच्या अज्ञानातून आलेला आहे. दुसरा त्याहून वाईट आहे, कारण तो अर्धवट ज्ञानातून आलेला आहे.

आधी भूगोल. बंगळुरूला नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच अशा एका कण्यावर हे शहर वसले आहे. त्याच्या पश्चिम उतारावरचे पाणी अर्कावतीकडे, पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे निघून जाते. पूर्वजांनी तळी खोदली ती हौस म्हणून नव्हे. ती तळी आपण बुजवली आणि कावेरीकडे हात पसरले. ती कावेरी उगम पावते कोडगूतल्या ब्रह्मगिरीच्या रांगेत, तलकावेरीला. तिचे पाणी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटर वाहून आणि तीन टप्प्यांत मिळून जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आपल्या नळापर्यंत आणले जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला आणि आधीच्या सुमारे 1,450 दशलक्ष लिटरांत रोज आणखी 775 दशलक्ष लिटरांची भर पडली. म्हणजे उपकराच्या बातमीवर संताप व्यक्त करण्यापूर्वी ज्या पेल्यातून आपण पाणी प्यायलो, तो पेला घाटाने भरला होता.

हे असे का घडते, याचे उत्तर या पर्वताच्या घडणीत आहे आणि ते विलक्षण आहे. हिमालयासारखा हा दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिलेला पर्वत नव्हे. सुमारे 8 कोटी 80 लक्ष वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून विलग झाले आणि या भूमीला एक पश्चिम कडा मिळाली. पुढे सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचले. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कातळभिंती त्या थरांच्या आहेत. बेळगाव-गोव्याच्या दक्षिणेस मात्र खडक बदलतो. तिथे त्याहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्माचे राज्य सुरू होते. खडक दोन, पण कडा एकच. समुद्राच्या बाजूने पाहाल तर तो उभा कडा आहे आणि आपल्या बाजूने पाहाल तर जेमतेम उतरते पठार. म्हणूनच जलविभाजक अगदी पश्चिमेच्या टोकाला जाऊन बसला आहे. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम 64 किलोमीटरवर महाबळेश्वरी जन्मते आणि 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आगुंब्याला वर्षाकाठी सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे हजाराच्याही आत. ढग तिथे अडतात म्हणून आपण पर्जन्यछायेत आहोत, आणि तिथे अडतात म्हणूनच आपल्याला नदी मिळते. दोनशे किलोमीटर हे अंतर रस्त्याचे आहे. पाण्याच्या हिशेबात बंगळुरू घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे.

जाता जाता एक गोष्ट. 'घाट' हे मुळात पर्वताचे नावच नव्हे. घाट म्हणजे डोंगर चढण्याची वाट. नाणेघाटात आजही तो दगडी रांजण उभा आहे, जो जकातीचा म्हणून सांगितला जातो, आणि शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. कोकणातून देशावर येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी तिथून चढत होता. परकीयांनी वाटेचे नाव पर्वताला दिले आणि आपण ते स्वीकारले. ओलांडून जाण्याची जागा, एवढाच ज्याचा अर्थ, अशा नावाने आपण एका पर्वताला हाक मारतो. शनिवारी पहाटे चिक्कमगळूरूकडे निघणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की ते नाव फारसे चुकलेले नाही असेही वाटते.

आता 'एकमत नसलेल्या' शास्त्रज्ञांविषयी. माधव गाडगीळ पुण्याचे. पण त्यांची तीन दशकांची कारकीर्द घडली ती याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे त्यांनी 1983 मध्ये परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभे केले. के. कस्तुरीरंगन इस्रोचे माजी अध्यक्ष, तेही बंगळुरूचेच. म्हणजे घाटाविषयीच्या दोन्ही अहवालांचे कर्ते या शहराने घडवले, आणि दोन्ही अहवाल न वाचता बाद करणारेही याच शहरात बसले आहेत.

गाडगीळ समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. सुमारे 1,29,037 चौरस किलोमीटरचा सारा घाटप्रदेश संवेदनशील मानावा, मात्र त्याच्या तीन श्रेणी कराव्यात, सर्वत्र एकच नियम लावू नये, असे तिने सांगितले. केंद्राने तो अहवाल महिनोन्महिने दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारातली लढाई न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे मे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. मग कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. तिने एप्रिल 2013 मध्ये घाटाची व्याख्या 1,64,280 चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारली, पण त्यातला सुमारे 37 टक्के, म्हणजे 59,940 चौरस किलोमीटर भागच संवेदनशील ठरवला. क्षेत्रफळावर मतभेद आहे, आणि तो मोठा आहे. पण मूळ गाभ्यावर? नवे खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा नको, औष्णिक वीजकेंद्रे नकोत, अतिप्रदूषक उद्योग नकोत, प्रचंड वसाहती नकोत. हे दोघांनाही मान्य आहे. दोन वैद्यांचे पथ्यावर एकमत असताना, ते औषधाच्या मात्रेवर भांडतात म्हणून रोग्याने मद्यपान चालू ठेवावे, असा हा युक्तिवाद आहे.

आणि विस्थापनाची भीती! गावे उठवली जातील, शेती बंद होईल, कॉफीचे मळे जातील, असे मलेनाडूत घरोघरी सांगितले गेले. दोन्ही अहवालांत यातले काहीही नाही. ज्यांच्या खाणी जाणार होत्या, त्यांनी ज्यांची शेती जाणार नव्हती त्यांना पुढे केले.

तरीही शेतकऱ्याची शंका पूर्णतः निराधार होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांवरून 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्य वेगळे केले आणि ज्या गावाचा 20 टक्के वा अधिक भाग संवेदनशील दिसला, ते अख्खे गाव यादीत घातले. देशी वृक्षांच्या सावलीत वाढवलेली कॉफी वा वेलदोडा वरून पाहणाऱ्या यंत्राला रानासारखाच दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बागेला कोणी जंगल म्हटले की बागायतदाराच्या पोटात गोळा येणारच. या चुकीवरचा उपाय मात्र गाडगीळांच्या अहवालात आधीच लिहिलेला होता: सीमा अंतिम करण्यापूर्वी ग्रामसभांना विचारा, नकाशा त्यांच्यापुढे मांडा, त्यांनी दुरुस्त करावा. 2013 मध्ये त्यांनी कस्तुरीरंगन यांना जे खुले पत्र लिहिले, त्याचा रोखही हाच होता, की निर्णयातून स्थानिक माणसाला वगळू नका. ज्या माणसाला जनविरोधी ठरवण्यात आले, त्याच्या अहवालाचा कणा जनता हाच होता. हा विपर्यास अज्ञानातून झालेला नाही.

गाडगिळांना ही दृष्टी पुस्तकांतून मिळाली नव्हती. कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की वनखाते बांबूच्या बेटाभोवतीचे काटेरी आवरण वाढीला बाधक म्हणून साफ करवत होते. गावकरी सांगत होते, की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुरांपासून वाचतात. गावकरी बरोबर निघाले. बांबू संपतो आहे याचे खापर बुरुडांवर फोडले जात होते. आणि कागद गिरण्यांना तोच बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत होता. शास्त्रीय व्यवस्थापन कोणाचे आणि अडाणीपणा कोणाचा?

आता सरकारकडे वळतो. 10 मार्च 2014 पासून आजवर केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याच्या सहा अधिसूचना काढल्या. सहावी निघाली 31 जुलै 2024 रोजी. तिच्या आदल्या दिवशी वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला येथे दरड कोसळून अडीचशेहून अधिक माणसे गेली होती. तो वैथिरी तालुका गाडगीळ समितीने सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत घातला होता. त्याच्या पंधरवडाभर आधी, 16 जुलैला, आपल्याच राज्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गासाठी कापलेला डोंगर रस्त्यावर आला. सहाव्या मसुद्यात 56,825 चौरस किलोमीटर होते आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, 20,668 चौरस किलोमीटर, कर्नाटकाचा. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला, आणि दोनच महिन्यांत त्याच सरकारच्या वनमंत्र्यांनी घाटासाठी उपकर सुचवला. नकाशा नको, पण नकाशाच्या नावाने निधी हवा.

त्याच सप्टेंबरात सकलेशपूर भागातल्या एत्तिनहोळे योजनेच्या पहिल्या टप्प्याचे थाटात उद्घाटन झाले. पश्चिमेला वाहणाऱ्या प्रवाहांतले 24 टीएमसी पाणी उचलून कोलार-चिक्कबळ्ळापूरकडे न्यायचे, असा हा घाट. (हा शब्द इथे मराठी अर्थानेच घ्यावा.) भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे जेमतेम साडेनऊ टीएमसी पाणी असल्याचे कितीतरी आधी मांडले होते. ज्या गुंड्या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नये असे गाडगीळ समितीने सांगितले, तिच्याच उगमाचे हे प्रवाह. कोलारची तहान खरी आहे, तिची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. पण जे पाणी नाही ते दाखवून तहानलेल्याला वर्षानुवर्षे उभे ठेवणे ही थट्टा कोणी केली? तिकडे शरावतीच्या खोऱ्यात, सिंहपुच्छ वानरांच्या अभयारण्यात, तलकळले आणि गेरुसोप्पा या जलाशयांदरम्यान 2,000 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प योजला आहे. 2019 मध्ये लिंगनमक्कीचे पाणी बंगळुरूला आणण्याची टूम निघाली, तेव्हा शिवमोग्गा जिल्ह्याने बंद पाळला होता. आमच्या दारातल्या दोनशे किलोमीटरांचा हिशेब त्या लोकांना चांगला ठाऊक आहे.

महाराष्ट्रातल्या मित्रांनी हे वाचून कर्नाटकाला हसू नये. मसुद्यात 17,340 चौरस किलोमीटर तुमचेही आहेत. 30 जुलै 2014 ला माळीण गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, त्याच तारखेला. 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आपण 'निसर्गाचा कोप' असे लिहिले आणि पुढच्या बातमीकडे वळलो.

पुढची बातमी बहुधा नव्या बेडकाची असते. घाटात नवी प्रजाती सापडली की आपण सारे ती हौसेने पसरवतो, मीही पसरवतो. 2003 मध्ये जगाला कळलेल्या त्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे आप्त सेशेल्स बेटांवर आहेत, हे वाचून कोणाचा ऊर भरून येणार नाही? भूखंड फाटले, समुद्र मधे आला, आणि हा जीव इथल्या मातीत वर्षातले जवळजवळ सारे दिवस पुरून घेऊन टिकला. पण त्या बातमीखाली ती माती कोणत्या तालुक्यात आहे, तो तालुका मसुद्यात आहे की वगळला, शेजारी कोणती खाण चालू आहे, असे विचारणारा एकही प्रतिसाद मी अद्याप पाहिलेला नाही.

मार्च 2024 मध्ये याच शहरात पाण्यासाठी हाहाकार उडाला होता. प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले, तेव्हा पाच किलोमीटरच्या आतल्या बारा हजार लिटरच्या टँकरचा दर हजार रुपये ठरला. तेवढे आपण मुकाट्याने मोजले. म्हणून उपकराला माझा विरोध नाही. दोन-तीन रुपये लाजिरवाणे कमी आहेत, ते वीस करावेत. पण पैसा राजधानीतल्या तिजोरीत न राहता, ज्या दीड हजारांहून अधिक गावांची नावे मसुद्यात आहेत त्यांच्या ग्रामसभांकडे जावा. आधी प्रत्येक गावाचा नकाशा कन्नडमध्ये छापून तिथल्या पंचायतीच्या भिंतीवर लावावा, चुकीचा भाग गावाने वगळावा, आणि उरलेला राखण्याचे दाम गावाला मिळावेत. अशी भरपाई द्यावी, हेही कस्तुरीरंगन समितीने लिहून ठेवले आहे. तो अहवाल फेटाळणाऱ्या मंत्रिमंडळात आपल्या शहराचेही मंत्री होते. आपल्या प्रभागातल्या आमदारांना यावर एक पत्र मी गेल्या आठवड्यात धाडले आहे. उत्तर आले तर इथेच टाकीन.