वावरात राबायला माय, सातबाऱ्यावर मात्र तिचे नावच नाही!

अमरावती आणि अकोल्याच्या सभागृहांत दर आठ मार्चला शाली वाटल्या जातात. वऱ्हाडची विधवा माय लेकराला धुऱ्यावर निजवून कापूस कशी वेचते, एकटीने संसार कसा ओढते, हे सांगताना पुढाऱ्यांचा कंठ दाटून येतो. ती राबते त्या वावराच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हे विचारण्याची मात्र एकाचीही छाती होत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. सासऱ्याचे, नाहीतर दिराचे!

कायदा नाही म्हणावे, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला पहिल्या वर्गाची वारस ठरवले. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बायकोच्या नावे जमीन करण्याची, लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, पुढे सरकारने त्याच नावाची योजनाही काढली. तरीही २०१८ साली महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायांना विचारले, तेव्हा ४० टक्के बायांना कसत्या जमिनीचा हक्क मिळालेलाच नव्हता. नाव नाही, म्हणून पीककर्जाला बँकेची पायरी चढता येत नाही, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाते. तिने हिस्सा मागितला, की कालपर्यंतची सोशिक सून एका रात्रीत घरफोडी ठरते. सरकारइतकाच हा समाजही गुन्हेगार आहे.

शेजारच्या यवतमाळात २०१९ च्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी फेरफार होत नाही.

शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली, की सरकार एक लाख देते. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. हा आकडा जवळपास दोन दशकांपूर्वीचा! तोही 'पात्र' ठरलात तर. कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नातलगाकडून उसने घेतले असेल, तर फाइलवर शिक्का 'अपात्र'. मेलेल्या माणसाची पात्रता तपासणारी ही कसली माणुसकी?

निर्लज्जपणाचा कळस पुढेच आहे. संजय गांधी निराधार योजनेला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दोन लेकरांच्या आईने त्याहून चार पैसे जास्त मिळवले, की ती निराधार उरत नाही. हेच सरकार 'लाडकी बहीण'साठी अडीच लाखांची मर्यादा ठेवते! बहीण अडीच लाखांपर्यंत लाडकी, आणि विधवा माय साडेसतराशेवर गेली की परकी? मदत दोन्हीकडे महिन्याला १,५०० रुपयेच, एक घेतली की दुसरी बंद. लेकरे किती, हे कुणी पाहत नाही. स्वतःच्या पायावर उभे राहा म्हणायचे, आणि उभी राहताच हात काढून घ्यायचा!

रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरे असली, तर ती सांभाळायला एक बाई नेमावी, असे कायदा सांगतो. ती बाई कोणत्या कामावर आहे, ते अधिकाऱ्यांनी आम्हाला दाखवावे. कापूस वेचणीला तर तेवढेही नाही. २६ आठवड्यांची बाळंतरजा शहरातल्या नोकरदारणीला, वेचणारीला पोटाशी लेकरू आणि डोक्यावर ऊन.

शेतकऱ्याच्या मृत्यूची नोंद होताच, अर्जाची वाट न पाहता, तलाठ्याने विधवेच्या नावाचा फेरफार घ्यावा. निराधार योजनेची मर्यादा अडीच लाखांवर न्यावी. वाचकहो, गावच्या तलाठ्याकडे जा, अशा किती बायांची नावे सातबाऱ्यावर चढली ते लेखी मागा, आणि उत्तर हाती पडेपर्यंत तिथून हलू नका.