निवाडा सर्वोच्च, कोठडी सवयीची!

घटनेचे १४१ वे कलम निःसंदिग्ध आहे : सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक. मग २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार निवाड्याची उपेक्षा का? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, हुंडाछळाच्या तत्कालीन ४९८-अ मध्येही, सरसकट अटक नको. कारणे न नोंदवता कोठडी देणारा दंडाधिकारी विभागीय कारवाईस पात्र ठरेल, असे त्यात बजावले होते. तरीही पोलिसांचा छापील कागद पुढे येतो, स्वाक्षरी उमटते आणि कित्येकदा वृद्ध सासू-सासरेही गजाआड जातात! अखेर मार्च २०२३ मध्ये अशा न्यायाधीशांना प्रशिक्षणासाठी न्यायिक अकादमीत धाडण्याची भाषा सर्वोच्च न्यायालयाला करावी लागली. निवाडा खटकला तर मतभेद नोंदवावा. पाळावा मात्र लागेलच. उच्च न्यायालयांनी कारवाईचे ते अस्त्र आता उपसावे.