हिरवं पुस्तक आणि आमची वही

थंडी सुरू झाली की मराठवाड्यातल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाले येतात. आपण त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणून मोकळे होतो. परवा जुना जालन्यात चहा घेताना एक परिचित म्हणाले, “यांना सरकारनं डोक्यावर घेतलंय. आपल्याला कोण विचारतं?”

हे वाक्य मी आपल्या समाजात फार ऐकलंय. अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात तिबेटींची एकच वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग. ती १९७२ साली वसली, म्हणजे आपल्याकडे लोक दुष्काळात खडी फोडत होते तेव्हा. जमीन सरकारनंच दिली, पण ती त्यांच्या मालकीची नाही.

त्याच १९७२ साली निर्वासित तिबेटींनी आपल्या माणसांकडून ‘चात्रेल’ नावाची ऐच्छिक वर्गणी सुरू केली. रक्कम थोडकी. भरली की हिरव्या पुस्तकात नोंद होते. वर्गणी थकली तर त्यांच्या निवडणुकीत मत देता येत नाही. ‘आम्ही पैसे भरतो, तर आम्हाला विचारा’ असं म्हणायचा हक्क त्या पुस्तकातून येतो. ज्यांना स्वतःचा देश नाही त्यांनी १९६० पासून निवडून आलेलं प्रतिनिधी मंडळ चालवलंय. २०११ मध्ये खुद्द दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडले आणि ते निवडून आलेल्या माणसाकडे गेले.

आता आपल्याकडे या. वक्फ मंडळाचं मुख्यालय औरंगाबादच्या पाणचक्कीत, जालन्याहून साठेक किलोमीटरवर. मंडळाच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे, मीही मोडतो. पण मोहल्ल्यातल्या कमिटीचं काय? एका जमातीच्या बैठकीत मी हिशेब मागितला होता. सदर साहेब म्हणाले, “अल्लाह के घर का हिसाब अल्लाह लेगा.” सगळे हसले. वही निघालीच नाही. बायकांना मत देण्याचा विषय तर काढायचीच सोय नव्हती. तिकडे तिबेटी बाई पुरुषाइतकंच मत देते.

तिबेटींना देव करायची गरज नाही. ल्हासात काश्मिरी व्यापाऱ्यांच्या वंशजांची जुनी मुस्लिम वस्ती होती. त्यातले बरेच १९५९ नंतर भारतात आले आणि श्रीनगर, दार्जिलिंग, कालिम्पोंगला राहिले. धरमशालेच्या ४५ जणांच्या संसदेत चार बौद्ध पंथ आणि बोन धर्म यांना प्रत्येकी दोन जागा राखीव आहेत. तिबेटी मुसलमानांना एकही नाही. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. पण कोणत्या तोंडानं? आमच्या कमिटीत पसमांदा बिरादरीच्या माणसाला खजिनदार तरी होऊ देतो का आपण?

“आधी सरकारनं द्यावं, मग आम्ही सुधारू” असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, वर्गणीची पावती फाडायला कोणत्या मंत्रालयाची परवानगी लागते? आलम चुलत्याला, फलाना मामूला पिढ्यान्‌पिढ्या पदावर बसवा, असा कोणता जीआर निघालाय?

येत्या जुम्म्याला नमाजनंतर गेल्या वर्षाचा जमाखर्च मशिदीच्या दारावर लावा. मी वाचायला थांबतो.