खाटांआधी पाणी मोजा

बंगळूरच्या उत्तरेला, देवनहळ्ळी तालुक्यातल्या नल्लूरला चिंचेची जुनी राई आहे. 2007 साली ती देशातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पुढच्याच वर्षी तालुक्यात विमानतळ सुरू झाला. टिपूच्या जन्मगावचा किल्ला इथेच, नंदीदुर्ग हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सुटीच्या दिवशी रस्ते वाहनांनी भरतात. बारमाही नदी मात्र या भागात एकही नाही.

इथला खडक कठीण, ग्रॅनाइट आणि नाइसचा. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. म्हणूनच पूर्वजांनी तळ्यांची साखळी बांधली. विंधण विहिरी आल्या, उपसा खोल गेला आणि तळी कोरडी पडली.

देवनहळ्ळीच्या ‘सिहिनीरु केरे’ म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याने वेगळी वाट दाखवली. हेब्बाळ-नागवारा योजनेतून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोरड्या तळ्यांत सोडले जाते. योजनेची क्षमता दिवसाला 21 कोटी लिटर. तळे भरले, उथळ भूजल वर आले. ‘बायोम’ या संस्थेच्या पुढाकाराने काठची जुनी विहीर पुन्हा वापरात आली आणि तिचे पाणी शुद्ध करून देवनहळ्ळी शहराला मिळू लागले.

या यशाचा चुकीचा अर्थ आपण काढू नये. तळे भरले म्हणून नवी रिसॉर्ट उभारायला मोकळीक मिळत नाही. शिवाय शहराला चालणारा उपाय वारसा स्थळी तसाच लागू होत नाही. वन्यजीवांच्या पाणवठ्यात सांडपाणी सोडण्याआधी त्याची कसून तपासणी हवीच.

नल्लूर असो की महाराष्ट्रातली नान्नज आणि रेहेकुरी ही अभयारण्ये, कोरड्या संरक्षित क्षेत्रात पर्यटनाचे काम करणाऱ्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. परिसरातली एक विहीर निरीक्षणासाठी राखा आणि दरमहा तिची पातळी नोंदवा. प्रत्येक उपशावर मीटर बसवा. टँकरचे पाणीही हिशेबात धरा, कारण ते कुठल्या तरी गावाच्या वाट्याचे असते. हिरवळ आणि जलतरण तलाव टाळा. शौचालयांना वापरलेलेच पाणी शुद्ध करून द्या. आणि किती पर्यटक घ्यायचे, ते मे महिन्यातल्या पातळीवरून ठरवा. त्या पातळीत आधी झाडांचा, जनावरांचा आणि गावाचा वाटा काढा. उरेल तेवढ्याच खाटा घाला.