दार लाव, फॅन लाव!

आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक विंगला एक तरी जुनी शब्दयादी सापडतेच. कुणा सीनियरने जीआरईसाठी आणलेली, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पानं काळी पडलेली. जीआरईमधले विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ सालीच बंद झाले, पण आपली रट्टा मारायची परंपरा काही बंद झाली नाही. 'ऑब्स्ट्रेपरस' म्हणजे काय, हे थर्ड इयरचा पोरगा झोपेतसुद्धा सांगेल. पण 'पुट'? तो तर पहिलीतच झाला की राव!

मित्रहो, माझं स्पष्ट मत आहे की मराठी मीडियममधून आलेल्या आपल्यासारख्यांची विकेट पडते ती मोठ्या शब्दांवर नाही, या पहिलीतल्या शब्दांवर. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. आणि पुट अपला 'विथ' चिकटला की निमूटपणे सहन करणे (मेसची भाजी आठवा, अर्थ लगेच कळेल).

माझ्या एका मित्राला इंटरव्ह्यूत विचारलं, टीममध्ये काम करताना तुला काय 'पुट ऑफ' करतं? म्हणजे कशाने मन उडतं. याच्या यादीत 'पुट ऑफ = पुढे ढकलणे' एवढंच होतं. गडी सबमिशनच्या तारखा कशा पुढे जातात ते सांगत बसला. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. अख्ख्या विंगला सी प्रोग्रामिंग शिकवणारा हा पोरगा, पण त्या दिवसापासून ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडत नाही. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त त्या यादीचा येतो.

कारण ही क्रियापदं यादीत मावणारी नाहीतच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० मध्ये 'मेक'ने तो विक्रम मोडला, २००७ मध्ये 'पुट'ने आणि २०११ मध्ये 'रन'ने. एकट्या 'रन'चे ६४५ अर्थ! ऑग्डेन नावाच्या इंग्रज माणसाने १९३० साली ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' काढलं, त्यात क्रियापदं फक्त १८. ऐकायला किती सोपं! पण त्या 'पुट'ला अप, ऑफ, आउट जोडून जे नवे अर्थ होतात, ते कुणी मोजायचे? ते शिकणाऱ्याच्याच डोक्यावर.

आणि इंग्रजीच विचित्र आहे असंही नाही. माझा रूममेट केरळचा. पहिल्याच आठवड्यात त्याला कुणीतरी म्हणालं, "दार लाव, फॅन लाव." बिचाऱ्याने दार बंद केलं आणि ऐन उकाड्यात फॅनही बंद केला! चूक त्याची नाही, एकाच 'लाव'ने एक गोष्ट बंद होते आणि दुसरी चालू. शिवाय कुकर लावा, नंबर लावा, झाड लावा, जीव लावा, वाट लावा... 'मारणे'चं तर विचारूच नका. हाक मारा, गप्पा मारा, दांडी मारा, कुणालाच लागत नाही. आज तोच रूममेट मेसच्या मावशींना "आज वाट लागली" असं अगदी बरोबर जागी सांगतो. त्याला यादी कुणी दिली नव्हती. तो चुकला तेव्हा आम्हीही हसलो, पण अर्थ सांगितला आणि पुन्हा बोलू दिलं.

म्हणून कम्युनिकेशन स्किल्सच्या लॅबला माझी विनंती आहे, आठवड्याला एकच क्रियापद घ्या आणि त्यावर आम्हाला आमच्याबद्दल बोलू द्या. इंजिन रन होतं, प्रोग्राम रन होतो, सर्दीत नाक रन होतं आणि सकाळी सातला बाथरूममधलं गरम पाणी रन आउट होतं. इतकं जवळचं असलं की विसरायची सोय नाही.

लॅबचं होईल तेव्हा होईल. आमच्या विंगने सुरुवात करायचं ठरवलंय. सोमवारपासून रात्री जेवणानंतर कॉमन रूमच्या पायऱ्यांवर, पहिला आठवडा 'पुट'चा. चुकीचं बोलणाऱ्यांना पुढची जागा. स्टाफपैकी कुणी आलं तर चहा आमच्याकडून.